हॅडली रोडच्या अलीकडे

प्रिय रॉक्सी,

तुरुंगातून तुझा फोन आला की मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांची कुरकुर ऐकू येते, आणि मग जे बोलायचं ते राहतं बाजूला, मी आपली हवापाण्याचं बोलत बसते. म्हणून आज लिहायला घेतलं. या पत्राच्या आगेमागे तुला एका वकिलाचं पाकीट मिळेल. त्यावर सही करण्याआधी हे सगळं वाच. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायचीस, तसं करू नकोस. डेलिया कुठे राहणार, कुणाकडे वाढणार, हे त्या सहीवर ठरणार आहे.

सुरुवात झाली एका राखाडी गाडीपासून. सकाळी सकाळी आपल्या घरासमोर येऊन उभी राहायची. मला वाटलं, शेजारच्या अर्लने गाडीचे हप्ते थकवलेत, ती उचलून न्यायला बँकेने माणूस बसवलाय. बाहेर मरणाची थंडी. आत बसलेला माणूस हातावर फुंकर मारत होता. तुझ्या आईला कुणाची दया कधी येईल काही नेम आहे का? मी त्याला कॉफी नेऊन दिली, वर दालचिनीचा रोलही दिला. तेवढ्यात डेलिया दप्तर घेऊन बाहेर पडली, हॅडली रोड ओलांडून पलीकडच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. त्याने विचारलं, "नात का तुमची? गोड आहे हो." मी म्हटलं, "हो, माझ्याकडेच असते." तो म्हणाला, "रोज?" आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "रोज म्हणजे काय, आता हेच तिचं घर." हद्दीबाहेरची कोणती मुलं फेअरमूरच्या शाळेत येतात हे शोधायला शाळावाल्यांनीच त्याला नेमलं होतं. माझी कॉफी पिऊन त्याने माझ्याच दाराचे फोटो काढले.

मग मला बोलावणं आलं. हॅडली रोडच्या त्या बाजूला, फेअरमूरच्या हद्दीत, शाळावाल्यांचं नवं ऑफिस झालंय, काचेचं. आत शिरल्या शिरल्या भिंतीवर मोठा फलक: वाचनात राज्याच्या पुढे, गणितात राज्याच्या पुढे, सगळ्यात पुढे. त्याच्याखाली बसलेल्या प्रेंटिसबाई बोलायला इतक्या गोड की भांडायलाही जागा मिळेना. "मिसेस पेट्रिक, आम्हाला वाईट वाटतं हो. पण इथल्या लोकांनी घरपट्टी भरून या शाळा उभ्या केल्यात, त्यांना आम्ही काय उत्तर द्यायचं?" मी म्हटलं, "माझी खिडकी उघडली की तुमची बस दिसते." त्या म्हणाल्या, "बस दिसते, पण घर ब्रँटनमध्ये आहे." नाताळच्या सुट्टीनंतर डेलियाची जागा गेली, असं त्यांनी सांगून टाकलं. कायद्याने पालक असलेलं कुणी हद्दीच्या आत राहत असेल आणि मूल त्याच्या घरी राहत असेल, तरच ती तिथे शिकू शकेल.

त्या फलकासमोर मला तू आठवलीस. तेव्हा असंच एक रंगीत पान नाचवत तू माझ्या स्वयंपाकघरात आली होतीस. "बघ आई, राज्य इथे, आणि फेअरमूर इथे! नुसता रस्ता ओलांडायचाय!" मग पलीकडे ड्रायक्लीनरच्या दुकानावरची ती एक खोली घेतलीस. खाली वाफ, वर तुम्ही दोघी. भाडं ब्रँटनमधल्या आख्ख्या घराएवढं. दिवसा वृद्धाश्रमात, संध्याकाळी हॉटेलात भांडी. पाठ गेली तुझी त्यात. गोळ्या पाठीसाठी सुरू झाल्या, मग गोळ्यांसाठी गोळ्या, आणि मग त्या विकणंही आलं. त्याबद्दल मी आणखी काही बोलणार नाही, न्यायाधीश पुरेसं बोललेत. पण कोर्टाच्या बाहेर, तुला नेण्याआधी, डेलियाचा चेहरा दोन्ही हातांत धरून तू म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "काहीही झालं तरी ही शाळा सोडायची नाही." पोरगी नुसती मान हलवत राहिली होती.

आता ज्या गोष्टी मी फोनवर गिळल्या त्या सांगते. त्या शाळेत डेलिया सुखी नाही. तिच्या परीक्षेचा कागद घरी येतो, त्यावर आलेखाचे तीन खांब असतात: एक मुलाचा, एक राज्याचा, एक फेअरमूरचा. डेलियाचा खांब अगदी राज्याएवढा आहे, ना वर ना खाली. म्हणजे या आख्ख्या ओहायोत मुलं जशी असतात तशी आपली मुलगी आहे. पण तिथे एवढं असणं म्हणजे मागे पडणं. तिला वर्गातून उठवून तळघरातल्या एका खोलीत नेतात, वेगळं शिकवायला. पोरं त्या खोलीला 'बेसमेंट' म्हणतात आणि तिथे जाणाऱ्यांनाही तेच म्हणतात. दर सोमवारी तिचं पोट दुखतं. भुवयांचे केस उपटते. डावी भुवई जवळजवळ गेली आहे. तुला भेटायला येताना मी माझ्या पेन्सिलीने ती रंगवून आणते. तुला ते दिसलं नाही, कारण मी ते नीट करते. तो फलक पाहताना मला प्रेंटिसबाईंना विचारावंसं वाटलं, की तुम्ही ज्याच्या पुढे आहात ते राज्य म्हणजे कोण हो? आम्हीच ना? पण विचारलं नाही, पर्स उचलली आणि बाहेर पडले.

अशा वेळी उगवली माझी विहीण, तुझी सासू. ग्लेंडाबाईंचा मुलगा ॲरिझोनाला पळाला, तुम्हाला टाकून गेला, तेव्हा बाईंनी नातीला वाढदिवसाचं कार्डसुद्धा धाडलं नव्हतं. आता फेअरमूरच्या मोठ्या घरात एकटेपण खायला उठलंय. मला म्हणाल्या, "व्हर्ना, आपण आपला मान बाजूला ठेवू या आणि मुलीचं भलं बघू या." त्यांनी खोली रंगवून ठेवली आहे. वकील त्यांचाच. कागद असा आहे की डेलिया सज्ञान होईपर्यंत त्या पालक. तू सुटून आलीस तरी तुला तिला भेटायला त्यांची परवानगी लागेल, आणि मलाही. मी म्हटलं, "एवढं कशाला? नुसती शाळेपुरती सही घ्या." तर म्हणाल्या, "अर्धवट काम मला जमत नाही. तिची संगत सुधारायची तर मुळापासून सुधारू या." संगत म्हणजे तू आणि मी.

तरीही मी तुला 'सही कर' असंच सांगणार होते, खोटं कशाला बोलू. कारण आपल्या बाजूची शाळा मी बघून आले. छत गळतं, खाली बादल्या ठेवल्यात. दारात पोरांची दप्तरं तपासतात, हत्यारं आहेत का म्हणून. गणिताच्या बाई ऑक्टोबरमध्येच सोडून गेल्या, तिथे आता रोज वेगळं माणूस येतं. वाचनाच्या दुआर्तेबाईंनी डेलियाचा कागद पाहिला आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, "ही? ही तर माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसेल!" मला बरं वाटलं आणि लगेच रडूही आलं, कारण इथे पहिल्या रांगेत बसण्याची किंमत काय आहे ते मला ठाऊक आहे. तू खोटं पाहिलं नव्हतंस, रॉक्सी. रस्त्याच्या पलीकडे खरंच जास्त आहे.

काल मी टोमॅटोचं सूप आणि चीज सँडविच करत होते. डेलिया वरून बॅग घेऊन खाली आली. सांगितलं नसताना तिने स्वतःच कपडे भरले होते, तुझा निळा स्वेटर सगळ्यात वर. डोळे सुजलेले. मी विचारलं, "तुला जायचंय ग्लेंडाआजीकडे?" म्हणाली, "नाही." "ती शाळा आवडते?" "नाही." "मग गं बाई?" तर म्हणाली, "आईने सांगितलंय ना. मी शाळा सोडली तर तिने माझ्यासाठी जे केलं ते सगळं फुकट जाईल." मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, तसं काही नाही, सोडलीस तरी चालेल. ती म्हणाली, "तू आजी आहेस. आईने सांगितलं पाहिजे." रॉक्सी, त्या शाळेसाठी ती तुला, मला, सगळ्यांना सोडायला निघाली आहे, आणि तेही तुझा शब्द मोडू नये म्हणून. म्हणून हे पत्र. सही करू नकोस. आणि आजच एक चिठ्ठी लिही, मला नाही, तिला. तुझ्या हातची, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात, की तू ही शाळा सोडलीस तर मला चालेल. फुकट गेलं असं वाटलं तरी ते तिला लिहू नकोस, ते मला फोनवर सांग, मी ऐकेन. चिठ्ठी येईपर्यंत ती बॅग मी उघडत नाही. तिने ती दाराशीच ठेवली आहे.

रस्त्याच्या अलीकडची,
तुझीच आई