दारावर ठोकलेली यादी

तीर्थस्वरूप एल्डनदादा यांस,

लोइसचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनातच घातलेला). इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी आणि मांजर, बरे आहोत. तुझा खोकला कसा आहे? वहिनीने दिलेलं औषध घेतोस, की नुसता तिच्यासमोर चमचा चाटून दाखवतोस? शनिवारी जुन्या सराईच्या जागी स्मारकाचा दगड बसवायचा आणि तुझं भाषण व्हायचं, तेव्हा घसा मोकळा हवा म्हणून विचारते.

तू सांगितलंस म्हणून सोमवारी जिल्हा कोर्टाच्या तळघरात जाऊन आले. आपले मूळपुरुष जोथम पिंगरी यांना सराई चालवायचा आणि रम विकायचा पहिला परवाना कुठल्या साली मिळाला, एवढंच पाहायचं होतं; साल दगडावर कोरायचं आहे. पंधरा मिनिटांचं काम, असं तू म्हणालास (गेली चाळीस वर्षं तुझी सगळी कामं पंधरा मिनिटांचीच असतात, मग तुझी भाषणं टंकायची असोत की 'पिंगरी घराण्याचा इतिहास' हे तुझं पुस्तक तिसऱ्यांदा पहिल्यापासून लिहून काढायचं असो). तिथला कारकून ओडेल मोठा कडक माणूस. "बाई, पेन आत न्यायचं नाही, खाणं तर मुळीच नाही," म्हणाला, आणि माझ्या पर्समधलं सँडविच काढून घेतलं. मग बरोबर बाराला दाराला कुलूप लावून स्वतः जेवायला निघून गेला. मी आत आहे हे तो विसरला. मी दार ठोठावलं, हाका मारल्या, एकदा तर वाकून दाराखालच्या फटीतून रागावून पाहिलं (उठायला दहा मिनिटं लागली). शेवटी झक मारत एका खोक्यावर बसले आणि समोर होते ते जुन्या कागदांचे गठ्ठे वाचायला घेतले. सँडविच माझ्याजवळ असतं, तर मी हे सगळे गठ्ठे उलगडलेच नसते.

साल सापडलं, १७४७. पण त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या वर्षीचा एक कागद होता. गावात कुणाकुणाला दारू विकायची नाही, त्या अट्टल पिणाऱ्यांची पंचांनी केलेली यादी. ती सराईच्या दारावर ठोकायची पद्धत होती. दादा, आता बसून घे. यादीत पहिलं नाव जोथम पिंगरी.

म्हणजे सराईचा मालक, आणि त्यालाच त्याच्या सराईत घोटभर मिळणार नाही! तुझ्या भाषणातले जोथम तापलेली सळई रमच्या पेल्यात बुडवून गारठलेल्या वाटसरूंना जीवदान देतात. पेला कुणी रिकामा केला, ते आता कळलं. मी एकटीच इतकी हसले की सगळं तळघर घुमलं. मग यादीखालची ओळ वाचली आणि हसू गेलं. 'ही यादी मी माझ्या हातानं आमच्या दारावर ठोकली आहे. माझ्या नवऱ्याला इथे थेंब मिळणार नाही, हा माझा शब्द. थँकफुल पिंगरी.'

पंच सराई बंद करायला निघाले होते. घरात सात मुलं. तिनं अर्ज केला की चर्चमध्ये चूल नाही, दोन प्रवचनांच्या मध्ये गावानं पाय शेकायचे कुठे? सराई राहू द्या, नवऱ्याला मी बघते. आणि बघितलं! दर रविवारी दुपारी सगळं गाव त्या दारातून आत यायचं, पहिलं नाव वाचायचं, आणि ही बाई मान वर करून त्यांनी पाय शेकायला आणलेल्या छोट्या शेगड्यांत निखारे भरायची. मला तर शेजारणीला माझ्या अंगणातलं गवत वाढलेलं दिसलं तरी लाज वाटते. दादा, मी त्या कागदावर हात ठेवून बसले होते.

पुढच्या एकोणतीस वर्षांचे परवान्याचे सगळे अर्ज एकाच अक्षरात आहेत, यादीखालच्या त्या ओळीच्याच. चौदा वर्षं खाली सही जोथमची, आणि ते वारल्यावर 'जोथम पिंगरी यांची विधवा'. मृत्युपत्रावर मात्र जोथमनी नुसती फुली मारली आहे, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. तुझ्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेली 'मूळपुरुषाची सही', जी तू पाहुण्यांना कॉफीच्या आधी दाखवतोस, ती तिची आहे. तिचं स्वतःचं नाव मात्र मला त्या सगळ्या गठ्ठ्यांत एकदाच सापडलं, त्या यादीखाली. आपल्या पुस्तकात, पान नऊवर, 'पत्नी, नाव अज्ञात' असं आहे. ते मीच टंकलं होतं.

ओडेल दीडला आला. "अरे देवा, तुम्ही अजून इथेच?" मी म्हटलं, "इथेच. सँडविच द्या आणि या कागदाची नक्कल काढा." बिचाऱ्यानं स्वतःची कॉफीही दिली.

दगडावर 'जोथम पिंगरी व पत्नी' असं यायचं आहे. दादा, तू घरातला मोठा, मी तुझ्या शब्दाबाहेर कधी गेले नाही. पण तिचं नाव त्यावर हवं. नीट विचार कर. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी चुलत बहीण,
लोइस

ता. क. : वहिनीकडे माझं झाकणाचं भांडं राहिलंय, शनिवारी आठवणीनं आणावं.

ता. क. दुसरा : नीट विचार कर असं वर लिहिलंय खरं, पण दगडवाल्याला मजकूर आज दुपारीच हवा होता. मी देऊन आले. 'थँकफुल पिंगरी, या सराईची चालक.' जोथम खाली आहेत, 'व पती'.

ता. क. तिसरा : शनिवारचं भाषण नेहमीप्रमाणे सोबत जोडलं आहे, नव्यानं लिहिलेलं. तुला फक्त वाचायचंय, पंधरा मिनिटांचं काम. शेवटच्या पानावर खाली 'लेखन : लोइस पिंगरी' असं आहे. तेही मोठ्यानं वाच.