परक्या दगडाला बोललेला नवस

४ मे
एकोणपन्नास वर्षांत आज पहिल्यांदा विमानात बसलो. हैदराबादहून जर्मनीला. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावातून इतक्या लांब येणारे मी आणि रत्नम्मा पहिलेच. विमानतळावरच्या बाईने ज्वारीच्या पिठाची पिशवी उघडून वास घेतला, तेव्हा रत्नम्मा म्हणाली, बघायलीस काय बाई, भाकरी थापून घालू का? ती बाई काही न कळताच हसली आणि आम्ही सुटलो.
जावई आदिनाथराव गाडी घेऊन आले होते. तनुजा दारात उभी. नववा महिना लागलाय. याआधी दोनदा लेकीचं पोट रिकामं झालं, म्हणून या वेळी आम्हाला बोलावून घेतलं. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. बाल्कनीत तुळस आहे, तिला पाणी घालायचं काम मी मागून घेतलं. पांडुरंगाची कृपा.

१२ मे
आज राजवाडे पाहिले. गाडीने तासभराचा रस्ता, एका टेकडीवर ओळीने तीन. उदगीरचा किल्ला पाहिलेल्या माणसाला भिंतींचं नवल नाही, पण इथलं गवतसुद्धा विंचरल्यासारखं. सोन्याच्या मुलाम्याचं एक दालन बघून रत्नम्माने विचारलं की हे झाडायचं कोणी. आदिनाथराव म्हणाले, मामींना इथंच नोकरीला लावू.
तिसऱ्या वाड्याच्या मागच्या चौकात गुडघाभर उंचीचा एक काळा दगड आहे. वर मधोमध झिजून गुळगुळीत झालेला खळगा. तिथेच तनुजाला चक्कर आली. चेहरा पांढराफटक. आदिनाथराव डॉक्टरांना फोन लावायला धावले.
आमच्याकडे असा एकटा दगड म्हणजे राखणदार. बाटलीतलं पाणी घातलं, रत्नम्माच्या डबीतलं कुंकू लावलं आणि बोललो, लेकीची सुटका नीट होऊ दे, तुला जे लागत असेल ते माझ्या हाताने देईन.
गावाकडे नवस बोलायच्या आधी जाणत्याला विचारतात, या देवाला काय चालतं. कुणाला पुरणपोळी, कुणाला कोंबडं. इथे कोणाला विचारणार?
तनुजा लगेच उठून बसली. गालांवर रंग आला.

१६ मे
मुलगी झाली! दोघी सुखरूप. इतकी सोपी सुटका कशी झाली याचं डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं. रत्नम्मा नातीला सोडतच नाही.
माझा उजवा हात सकाळपासून गार आहे. थंडी बाधली असेल.

१९ मे
तनुजा आणि बाळ काल घरी आली. सकाळी तुळशीला पाणी घालायला गेलो तर कुंडीत कबुतर. डोकं नव्हतं. आदिनाथराव म्हणाले, मांजर असेल. तिसऱ्या मजल्यावर?
माझ्या उजव्या हाताच्या नखांत रक्त होतं. साबणाने धुतलं.

२० मे
त्या दगडाचा देव कोणता, म्हणून आदिनाथरावांना विचारलं. फोनमधल्या फोटोतली दगडाशेजारची पाटी वाचून ते हसत सुटले. म्हणाले, मामा, देव कुठला? राजे लोक त्याच्यावर मुंडकी उडवत होते. खळग्यात गळा ठेवायचा अन् वरून घाव. दीडशे वर्षं चाललं ते. तुम्ही तर पार खाटकाला कुंकू लावून आलात की.
रत्नम्माही हसली.
त्याला काय चालतं ते आता कळलं.

२१ मे
गावाकडे मुंडक्याऐवजी नारळ चालतो. भारतीय दुकानातून आणला, रेल्वेने एकटा गेलो, दगडावर फोडला. आत पाणी नव्हतं. काळं, दाट रक्त. माझ्या पायांवर सांडलं, दगडावर एक थेंब टिकला नाही. रखवालदाराने बखोटीला धरून हाकललं.
त्याने नारळ घेतला नाही.

२२ मे
शेजारच्या आजीबाईंचा कुत्रा. जिन्यात. धड वरच्या पायरीवर, डोकं खालच्या.
स्वयंपाकघरातला मोठा सुरा माझ्या पिशवीत निघाला. मी ठेवला नव्हता. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत रक्ताने ओली—

२३ मे
रत्नम्मा बाळाला न्हाऊ घालत होती. टॉवेल द्यायला वाकलो. उजवा हात बाळाच्या गळ्यावरून फिरला. बोट टेकवून जागा बघत होता.
हात दातांत धरला. हाडापर्यंत. रत्नम्मा ओरडली, याड लागलंय का तुम्हाला? सांगितलं सगळं. ती म्हणते, ताप डोक्यात गेलाय, डॉक्टरकडे जाऊ.
नवस माझा. फेडणार मीच.

२४ मे
सकाळच्या पहिल्या गाडीने दगडापाशी आलोय. कुठे जातोय ते घरी चिठ्ठीत लिहून ठेवलंय. मी बाळापासून लांब असलेला बरा.
खळग्यात माझा गळा ठेवला. सुऱ्याचा हात उचलेना. त्याला मी नको.

मग डाव्या हाताने सुरा घेतला. उजवा दगडावर ठेवून घाव घातले. तीन. दोन बोटं गेली. रक्त दगडाने पिऊन टाकलं. हात तरी वळवळतोच—

सुरा लांब फेकला. हाताने मला सरपटत ओढून नेलं, तो परत आणला.

उरलेल्या बोटांत पेन दिलंय. लिहीत असला की गुंतून राहतो. म्हणून लिहितोय. थांबायचं नाही. रामकृष्णहरी रामकृष्णहरी

फाटकाशी आदिनाथराव. मागे रत्नम्मा. छातीशी दुपटं— का आणलं तिला. नात बघून मी शुद्धीवर येईन म्हणून—

येऊ नका म्हणून ओरडतोय. रक्त बघून पळतच येतायत. रामकृष्णहरी रामकृष्णहरी

आदिनाथराव माणसं बोलवायला गेले. रत्नम्मा रडते. म्हणते, ते लिहिणं ठेवा, हात बांधू द्या आधी. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. पदर फाडतेय. पेन ओढतेय— नको— रत्ने पेन नको काढू, पेन नको का