सकाळी नऊचा वर्ग

६ जानेवारी, सोमवार

‘बाई, तुम्ही उशिरा आलात. बसा.’

मी चहा घेऊन गेले होते! हे हॉलमधल्या फळ्यासमोर उभे. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, हातात खडूचा तुकडा. फळा जुन्या ट्यूशनच्या दिवसांतला. कॉलेजातून रिटायर होऊन ह्यांना अकरा वर्षं झाली, ट्यूशन बंद होऊन सहा. पण फळा भिंतीवरून काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आधी मला वाटलं, थट्टा. पण डोळ्यांत थट्टा नव्हती. समोर होते ते विद्याधर सर, केमिस्ट्रीचे. आणि मी कुणीतरी विद्यार्थिनी.

ह्यांची स्मरणशक्ती जात राहणार, हे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. वाद घालू नका, म्हणाले होते. म्हणून बसले. चहा मीच प्यायले.

७ जानेवारी, मंगळवार

आज पुन्हा! बरोबर नऊला.

‘वही कुठाय तुमची?’

स्वयंपाकघरातून सामानाच्या यादीची वही आणली. एका बाजूला तूरडाळ, रवा, हिंग. दुसऱ्या बाजूला ॲसेटिक ॲसिड.

ॲसेटिक ॲसिड म्हणजे आपलं व्हिनेगरच. त्याच्या टोकाला एक हायड्रोजन असतो. तो जितका सहज सुटेल, तितकं ॲसिड तीव्र. सुटताना तो आपला इलेक्ट्रॉन मागे टाकून जातो, म्हणजे मागे ऋण भार राहतो. तो भार सांभाळायला कुणी मदत केली तर हायड्रोजन लवकर सुटतो. एवढं सांगून ह्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, ‘मदत कोण करेल?’

मला येईना. गालांवर ऊन लागल्यासारखं झालं. बासष्टाव्या वर्षी!

‘उद्या सांगा,’ म्हणाले. आवाज इतका मऊ. घरात मीठ विसरलं तर हा आवाज नसायचा.

९ जानेवारी, गुरुवार

चूक केली.

वर्ग संपल्यावर ह्यांचा हात धरला आणि म्हटलं, ‘अहो, मी वसू. वसुमती. तुमची बायको.’

हात काढून घेतला. दोन पावलं मागे सरकले. ‘माफ करा बाई, काहीतरी गैरसमज होतोय.’ मग खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसून राहिले, दार उघडं ठेवून. परक्या बाईबरोबर घरात आहोत म्हणून दार उघडं! दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी यल्लव्वा भांडी घासायला आली, तिनं भात कालवून समोर ठेवला, कन्नडमध्ये ‘ऊट माडी, सर’, जेवा, म्हणाली, तेव्हा चार घास घेतले. कामवालीचं नाव आठवतं ह्यांना.

पुन्हा नाही सांगणार.

१० जानेवारी, शुक्रवार

क्लोरीन! मदत क्लोरीन करतो.

ॲसेटिक ॲसिडमधल्या कार्बनवरचा एक हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन बसवला, की तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. भार पसरतो, हलका होतो. ॲसिड जवळजवळ ऐंशीपट तीव्र! दोन क्लोरीन बसवले तर आणखी. तीन बसवले तर विचारूच नका. ह्याला इंडक्टिव्ह इफेक्ट म्हणतात.

मी उत्तर दिलं तेव्हा ह्यांनी खडूनं फळ्यावर टक्‌ केलं. ‘शाबास!’

काल दुपारी ह्यांचंच जुनं पुस्तक काढून वाचलं होतं. हे सांगितलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. यल्लव्वाला इकडचं तीळ-गूळ-खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ल, आम्हाला तिळगूळ. ह्यांनी दोन्ही खाल्लं.

आज मी प्रश्न विचारला. आपणहून! कार्बनची साखळी वाढली की ॲसिड मवाळ होतं, असं हे सांगत होते, कारण मिथाइलचा गट इलेक्ट्रॉन ओढत नाही, उलट पुढे ढकलतो. मी म्हटलं, ‘सर, मग मुंगीचं ॲसिड व्हिनेगरपेक्षा तीव्र असायला हवं. त्याला मिथाइल नाहीच.’

हे वळले. ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही. सुचलं.’

‘बाई, तुम्ही पुढे शिका हं. सोडू नका.’

स्वयंपाकघरात येऊन नळ सोडला आणि रडले. बेळगावला बीएस्सीचं पहिलं वर्ष झालं होतं माझं. फर्स्ट क्लास. लग्न झालं, बेंगळुरूला आलो. मी ॲडमिशनचं काढलं तर हे म्हणाले, ‘पुढच्या वर्षी बघू.’ मग शंतनू झाला. मग सासूबाई आजारी. नंतर कुणी विषय काढला नाही. मीही नाही.

१९ जानेवारी, रविवार

शंतनू आला. इलेक्ट्रॉनिक सिटीहून यायला दोन तास लागले, म्हणून आधीच वैतागलेला. नेमका वर्ग चालू होता.

नंतर बाल्कनीत म्हणाला, ‘आई, तू आप्पांना एन्करेज करतेस. हे नाटक आहे.’

‘नाटक नाही. मी खरंच शिकते.’

‘आई, प्लीज! माझ्याकडे चला दोघं. लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, खाली क्लिनिक आहे.’

‘आणि फळा?’

‘व्हाइटबोर्ड आणतो.’

चांगला मुलगा आहे. काळजीनंच बोलतो. पण तिथे सगळ्या दारांना एकच रंग. हे मधल्या पॅसेजमध्येच हरवतील.

२३ जानेवारी, गुरुवार

वर्ग नाही. ह्यांना सर्दी. मी एकटीनं गणितं सोडवली. तीन बरोबर, एक चूक.

२९ जानेवारी, बुधवार

आज झालं ते सगळं लिहिते.

सकाळी साडेआठला मी आंघोळीला गेले. बाहेरून यल्लव्वा ओरडली, ‘अक्का, सर इल्ला! सर नाहीत!’ फाटक सताड उघडं. केस ओले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, तशीच पळाले. कोपऱ्यावरची फुलवाली म्हणाली, मास्तर तर कॉलेजच्या बाजूला गेले, पँट-शर्ट घालून, घाईत होते.

कॉलेज तीन क्रॉस, म्हणजे तीन आडव्या गल्ल्या, पलीकडे. वाटेत दोन मोठे रस्ते. सिग्नलला ह्यांचं कधीच लक्ष नसायचं, बरे असतानाही. ते तीन क्रॉस कसे ओलांडले, देव जाणे. वॉचमननं ओळखलं मला. ‘सर वर गेलेत, अम्मा. मंजुनाथ सरांच्या क्लासमध्ये.’

मंजुनाथ ह्यांचाच विद्यार्थी. आता तिथे शिकवतो. दारात पोचले तेव्हा तो बाजूला हात जोडल्यासारखा उभा होता, आणि फळ्यासमोर हे! साठएक पोरं गप्प बसलेली. शर्टाचं एक बटण चुकलेलं, पण आवाज तोच, खणखणीत. इंग्रजीत शिकवत होते, पूर्वीसारखं. चार कार्बनची साखळी काढली. क्लोरीन ॲसिडच्या टोकाजवळ, दुसऱ्या कार्बनवर असला तर ॲसिड खूप तीव्र. आणि तिसऱ्या कार्बनवर असला तर—

थांबले.

खडू फळ्यावरच. तिसऱ्या कार्बनवर असला तर... पुन्हा तेच वाक्य. पुन्हा थांबले. मान वळवून पोरांकडे बघितलं. ते बघणं मला विसरता येणार नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हळूच खाकरलं. मंजुनाथ पुढे व्हायला लागला.

मी दारातूनच म्हटलं, ‘सर, क्लोरीन लांब गेला की ओढ कमी होते. तिसऱ्यावर कमी. चौथ्यावर तर जवळजवळ नाहीच.’

मराठीत! साठ माना माझ्याकडे. ओले केस, दोन तऱ्हेच्या चपला.

ह्यांचा चेहरा उजळला. ‘बरोब्बर! ह्या आमच्या हुशार विद्यार्थिनी,’ असं इंग्रजीत वर्गाला सांगितलं. मंजुनाथनं माझं उत्तर कन्नडमध्ये पुन्हा सांगितलं. ह्यांनी वाक्य पुरं लिहिलं, खडू खाली ठेवला, हात झटकले. पोरं उभी राहिली. सगळीच्या सगळी.

परत येताना रिक्षा केली. ड्रायव्हरला मी ‘स्वल्प निधान’ म्हणून सांगितलं, हळू चालव बाबा. हे बाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, ‘बाई, तुमच्यासारखीच एक मुलगी होती. फर्स्ट क्लास होता तिला.’

मी ह्यांच्याकडे वळले.

‘कोण, सर?’

‘माझी बायको. मी तिला म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. मला वाटायचं, ही शिकली तर माझ्यापुढे जाईल. तरुण होतो. मूर्ख होतो. मग इतकी वर्षं गेली, की सांगायची लाज वाटायला लागली.’ मग म्हणाले, ‘तुम्हाला कधी भेटली तर सांगाल?’

‘सांगते, सर.’

३० जानेवारी, गुरुवार

निरोप पोचला.

२ फेब्रुवारी, रविवार

शंतनूला सगळं कळलं. मंजुनाथनं फोन केला होता. मला वाटलं आता सामान बांधायला लावणार. आला तो फाटकासाठी नवी कडी आणि ह्यांच्या मनगटाला बांधायचं नाव-नंबर कोरलेलं कडं घेऊन. कडं बघून हे म्हणाले, ‘छान आहे,’ आणि घातलं.

मग नऊ वाजले. शंतनू दारातच उभा होता. हे त्याला म्हणाले, ‘या, बसा. जागा आहे.’

माझ्याशेजारी जमिनीवर बसला, मांडी घालून, इस्त्रीच्या पँटमध्ये. पाऊण तास. लहानपणी केमिस्ट्रीवरून ह्यांचा मार खाल्लाय त्यानं. आज ह्यांनी त्याची चूक दुरुस्त केली आणि खांद्यावर थोपटलं. शंतनू मान खाली घालून वहीत काहीबाही लिहीत बसला.

जाताना म्हणाला, ‘राहा इथेच. मी शनिवार-रविवार येतो.’

‘दोन तास लागतात रे.’

‘लागू देत.’

१२ फेब्रुवारी, बुधवार

मंजुनाथ येऊन गेला. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म टेबलावर ठेवला. ‘अम्मा, वयाची अट नाही.’ मी हसले. फॉर्म पुस्तकात घालून ठेवला. फाडला मात्र नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हे म्हणाले, सगळ्यांत जास्त ओढतो तो ब्रोमीन. फ्लोरीन सगळ्यांत कमी.

उलटं आहे. मी वहीत तसंच उतरवून घेतलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रभर ते उलटं वाक्य डोक्यात. सकाळी धीर करून म्हटलं, ‘सर, फ्लोरीन जास्त ओढतो ना?’

ह्यांनी फळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘तुम्ही म्हणता तर असेल.’

चौतीस वर्षं शिकवताना ज्या माणसानं कुणाचं ‘असेल’ ऐकून घेतलं नाही!

४ मार्च, मंगळवार

आज नुसता क्लोरीन काढला. पुन्हा पुन्हा. सगळा फळा भरला. मी प्रत्येकाला होकार दिला.

९ मार्च, रविवार

शंतनू, मी, हे. कुणीच काही शिकवलं नाही. शंतनूनं आणलेली द्राक्षं खाल्ली.

१२ मार्च, बुधवार

नऊला मी हॉलमध्ये गेले, तर हे खाली सतरंजीवर बसलेले. माझ्या जागी. केस ओले करून चापून बसवलेले, वही मांडीवर, उघडून पहिल्याच पानावर. मला बघून धडपडत उभे राहिले.

‘गुड मॉर्निंग, मॅडम.’

मी म्हटलं, ‘बसा.’ आणि फळा पुसायला घेतला.