सुजू दे की!
सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

गुडघ्यातलं पाणी काढताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पांढऱ्या पेशी जंतू मारायला एन्झाइम सोडतात. तुमच्या गुडघ्यात जंतू नाहीत, तरी सोडतायत. कूर्चा झिजतेय, सूज उतरवायलाच हवी." घरी सांगितलं तर बायको म्हणते, "तुमच्याच पेशी त्या! शत्रू नसला की घरच्यांना चावायचं."

मंगळवेढ्यात लहानपणी गळू झालं की आई ज्वारीच्या पिठाचं गरम पोटीस बांधायची. मी कळवळलो की म्हणायची, "सुजू दे की! हिरवा पू आला म्हंजी आतली माणसं लढत्यात." तो हिरवा रंग पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमचाच, हे आज डॉक्टरीणबाईंकडून कळलं. म्हणजे हिरव्याबद्दल तिचं बरोबरच होतं की!

आई असती तर सूज उतरवण्यावरून कडाक्याची भांडली असती. गोळी निमूट गिळली. भांडण झालं नाही, याचंच वाईट वाटलं.