विजेचे खाते माझ्याकडे

२ जुलै
हर्षालीची तारीख सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. अमेरिकेत, कोलंबसला. बायको म्हणाली, बाळंतपणाला आई जाते, बापाचं तिथे काय काम? तुम्ही इथे कुंड्यांना पाणी घाला. मुलगी माझीही आहे, असे म्हणणार होतो. पण लतापुढे असले मुद्दे चालत नाहीत, तिला काम दाखवावे लागते. म्हणून विचारले, तिकडे विजेचं कोण बघणार? आपला मिक्सर, मोबाइल, तुझी गुडघ्याची शेकायची पिशवी, यातली एकही पिन तिकडच्या बोर्डात बसत नाही.  एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले ते असे उपयोगी पडते. तिकीट दोघांचे.

५ जुलै
जगात डझनभराहून जास्त प्रकारचे प्लग आहेत. जग एकत्र का येत नाही, याचे उत्तर मला मिळाले. उद्यापासून रोज एक तास अभ्यास. आज मॅच आहे.

६ जुलै
अभ्यास झाला नाही. लाइट गेली होती. विजेचा अभ्यास विजेशिवाय कसा करणार?

११ जुलै, सकाळ
हर्षालीचा व्हिडिओ कॉल. पायांना सूज आहे. मी तिला ॲडॉप्टरची सगळी योजना समजावली. ती मध्येच मिक्सर, मिक्सर असे काहीतरी म्हणत होती, पण मी आधी मुद्दा पूर्ण केला. जावई रविराज शेजारी डोळे मिटून ऐकत होते. माझ्या वर्गातली मुलेही जेवणानंतरच्या तासाला अशीच डोळे मिटून एकाग्र व्हायची. सगळ्यांना जमत नाही हे.

कॉल संपल्यावर घर फार शांत वाटले. तिला जवळून पाहून दोन वर्षे होतील. हे विजेच्या खात्यात बसत नाही, पण लिहून ठेवतो.

१९ जुलै
रविवार कारंज्यावरच्या बाजारात जाऊन खरेदी उरकली. खरा लागणारा एकच प्रकार, चपट्या दोन पिनांचा. पण विमान दोहाला बदलायचे, तिथला प्रकार निराळा. शिवाय वाटेत इराण, तुर्कस्तान, इंग्लंड लागते. बिघाड होऊन विमान कुठे उतरले तर? त्या गडबडीत दुकान शोधत फिरण्यापेक्षा आधीच सोय केलेली बरी. पिशवीभर घेतले.

पाकिटावर अगदी बारीक अक्षरात लिहिले आहे की हे यंत्र व्होल्टेज बदलत नाही. महत्त्वाचे असते तर मोठ्या अक्षरात लिहिले असते.

२३ जुलै
शेजारचे नवनाथ दुबईला मुलाकडे निघालेत. त्यांना गोल पिनांचा ॲडॉप्टर दिला आणि कसा लावायचा तेही शिकवले. त्यांनी विचारले नव्हते. पण लोक विचारतील म्हणून वाट बघत बसलो असतो तर एकही तास झाला नसता.

२८ जुलै
नवनाथांचा दुबईहून मेसेज, पिना बसत नाहीत, इथली भोकं चौकोनी आहेत. घाईत लावला असणार. कळवले की शांतपणे लावून बघा. पुढे उत्तर नाही, म्हणजे लागला.

८ ऑगस्ट
चाचणी. ॲडॉप्टरात ॲडॉप्टर, त्यात पुढचा, अशी माळ करून शेवटी मिक्सर लावला. फर्र असा आवाज आला आणि घरातली वीज गेली. लताची मालिका रंगात आली होती. तिला सांगितले, लोडशेडिंग. तिने मला हाताला धरून खिडकीशी नेले. समोर, वर, खाली, सगळ्या गंगापूर रोडवर उजेड. म्हणालो, हल्ली निवडक करतात.

वायरमनने कारण विचारले. ते शैक्षणिक होते, म्हणून सांगितले नाही.

२४ ऑगस्ट
वणीला देवीच्या दर्शनाला जाऊन आलो. लताने काय मागितले ते तिच्या ओठांवरून कळले. मीही तेच मागितले, दोघी सुखरूप सुटू देत. लता म्हणाली, दोघी कशावरून? म्हटले, मला वाटते. मग ॲडॉप्टरांची पिशवीही पायरीला टेकवून घेतली.

येताना गाडीत तिने टुमणे लावले की व्याह्यांना एकदा विचारून घ्या. विंचूरचे सोमनाथराव गेल्या वर्षीच कोलंबसला महिनाभर राहून आले. तिकडे काय लागतं, काय नाही, त्यांना ठाऊक असेल. पण सोमनाथराव कांद्याचे व्यापारी. विजेतले त्यांना काय कळणार? विचारले नाही.

३ सप्टेंबर
सामान भरले. डिंक, खारीक, आळीव, बाळंतशेपा, साजूक तूप. मिक्सर लताच्या साड्यांत गुंडाळला. वजन जास्त भरले. लता म्हणाली, ती पिशवी काढा. मी माझे स्वेटर काढले.

५ सप्टेंबर, दोहा विमानतळ
लताने खुर्चीच्या हाताला असलेल्या भोकात वायर खोचली आणि मोबाइल चार्ज करून घेतला. ॲडॉप्टर न लावता. बाकी नोंद घेण्यासारखे काही नाही.

६ सप्टेंबर, कोलंबस
हर्षाली दारातच उभी होती. पोट सांभाळत पाया पडायला वाकू लागली, तिला अडवले. विमानात बसून काय काय बोलायचे ठरवले होते. तिच्या डोक्यावर हात ठेवला. शेवटी विचारले, बोर्ड कुठे आहेत?

इथे सकाळ-संध्याकाळ थंडी आहे. रविराजचे जाकीट घातले आहे. बाह्या लांब आहेत.

११ सप्टेंबर
नात झाली. दोघी सुखरूप. आज आणखी काही लिहीत नाही.

१२ सप्टेंबर
उद्या मायलेकी घरी येणार, म्हणून लाडू आजच व्हायला हवेत. म्हणजे आजचा दिवस माझा. लताला आणि रविराजना ओट्याशी बोलावून घेतले. चपट्या पिनांचा ॲडॉप्टर भिंतीत घट्ट बसला. दोघांकडे पाहिले आणि बटण दाबले.

मिक्सर फिरला. पण इतका सावकाश की खारका भांड्यात प्रदक्षिणा घालू लागल्या. एकही फुटली नाही. थोड्या वेळाने त्याही थांबल्या.

इथली वीज एकशेवीस व्होल्टची. आपला मिक्सर दोनशेतीसचा. हा धडा मीच शिकवायचो. लताने खारका एकेक करून वाटीत काढल्या. रागावली असती तर बरे वाटले असते.

रविराजनी कपाट उघडून मिक्सर काढला. इथलाच, इथल्या विजेचा. हर्षालीने जुलैतच सांगितले होते म्हणे, बाबा, मिक्सर आहे, आणू नका. खारकांची पूड बघता बघता झाली.

मग चमचा शोधायला मी खालचा ड्रॉवर ओढला. तो ॲडॉप्टरांनी गच्च भरलेला. चपटे, गोल, चौकोनी, सगळे. त्यातल्या एका पिशवीवर चिकटपट्टी लावून लिहिले होते, सोमनाथराव, विंचूर. रविराज संकोचून म्हणाले, इथे सगळ्याच मराठी घरांत असा एक ड्रॉवर असतो. बाबा लोक आणतात.

माझी पिशवी त्यात मावली नाही.

१४ सप्टेंबर
हर्षाली झोपलेली असते, लता स्वयंपाकघरात, रविराज कामावर. मी प्रत्येकाच्या वाटेत उभा असतो. बाळाला घ्यायला गेलो तर लता म्हणते, हात धुतले का? धुऊन येतो तोवर तिने घेतलेले असते. परतीचे तिकीट आधीचे मिळेल का, असे रविराजना हळूच विचारून ठेवले. विजेचे खाते बंद झाले. कुंड्यांना तरी पाणी घालीन.

२१ सप्टेंबर
दुपारभर नातीने रडून घर डोक्यावर घेतले. लताच्या ओव्या संपल्या. रविराजनी मोबाइलवर पावसाचे, पंख्याचे आवाज लावून पाहिले. हर्षालीच्या डोळ्यांखाली काळे झाले होते, तीही रडायच्या बेतात आली. कुणीच मोकळे नव्हते, म्हणून बाळ माझ्याकडे आले.

मला अंगाई येत नाही. जे पाठ आहे ते सुरू केले. विद्युतप्रवाह म्हणजे काय, मुलांनो. नात माझ्याकडे बघू लागली. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात तिथे रडे थांबले. विभवांतराची व्याख्या अर्धी झाली असेल नसेल, तोच तिचे डोळे मिटले. संध्याकाळी पुन्हा रडली, पुन्हा तोच धडा घेतला. विभवांतरापलीकडे ती जात नाही.

एकाग्रता नव्हती तर ती. एकतीस वर्षे अख्खा वर्ग झोपत होता.

रात्री जेवताना हर्षाली म्हणाली, बाबा, तिकिटाचं रविराजनी मला सांगितलं. लवकर जायचं नाही. तुम्ही लागता इथे. मी विचारले, विजेसाठी ना? लता ताटात लाडू वाढत म्हणाली, हो, विजेसाठीच. मग दुसराही वाढला. मागितला नव्हता.

उद्या ओहमचा नियम घेतो. वर्गात तो याहून लवकर काम करायचा. हर्षालीलाही तासभर पडता येईल.