कोरी समजून पुसलेली टेप

हिसाए,

गाडीच्या रेडिओला फोनची वायर जोडली आहे. फोनचा आवाज यायला आत एक कोरी टेप फिरत राहावी लागते, ती काढू नकोस.

पण ती कोरी नव्हती. गाडीच्या खणात सापडली, वर नाव नव्हतं, म्हणून मीच पुसली. शेवटच्या उरलेल्या तुकड्यात तुझ्या गाण्याच्या कुदो बाईंचा आवाज आला, "पोटातून गा गं, शेजाऱ्यांना काय घाबरतेस? पुन्हा!" तेव्हा कळलं, तू गाडीत बसून जिच्याबरोबर गातेस तीच ही टेप. रविवारच्या स्पर्धेचं गाणं गेलं. तू म्हणालीच होतीस, "पुस्तक वाचून कुणी रेडिओ उघडतं का हो?" माझंच चुकलं.

बाईंनी जाण्यापूर्वी या टेपची एकेक प्रत तुला आणि तोकिकोला, तुम्हा दोघी शिष्यांनाच दिली होती. म्हणून तिची प्रत मागायला हिरोसाकीला निघालो आहे. चार वर्षं तुम्ही बोलत नाही, ठाऊक आहे. तू पाठवलंस असं म्हणणार नाही.

पण दारातच ती विचारेल, "हिसाए कशी आहे?" काय सांगू ते मला सुचत नाही. ट्रेन दहाला पोहोचते. त्याआधी फोन कर.

शुइची