सतरावा नंबर

सोमवार, ता. ६

घोळ झाला. आणि माझ्यामुळेच.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सुट्टीतला चित्रांचा वर्ग आहे. दोन आठवडे, सोळा जागा, आधी येईल त्याची जागा. गेल्या वर्षी आम्ही पोचेपर्यंत फॉर्म संपले होते आणि नात दोन दिवस धड जेवली नव्हती. म्हणून आज सहालाच रांगेत. आमचा नंबर चौदावा. मी तीनदा मोजला. मग मला वाटलं, मोरीतला नळ उघडाच राहिला. वाटलं काय, ऐकूच यायला लागला! नातीला घेऊन धापा टाकत घरी. नळ बंद होता. परत आलो तर सतरावा.

सूनबाई एवढंच म्हणाली, "नळ बंद होता ना, बाबा?" म्हटलं, होता. "मग झालं." आणि पोळ्या लाटायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

चित्रांच्या बाईंनी फॉर्म घेतला. त्याच शिकवतात, फॉर्मही त्याच घेतात. म्हणाल्या, "काका, वाट बघणाऱ्यांच्या यादीत तुमचा पहिला नंबर. पहिल्या दिवशी कुणी न कळवता आलं नाही, तर दुसऱ्या दिवसापासून जागा तुमची."

म्हणजे कुणाचं तरी मूल येऊ नये अशी वाट बघायची. ही कसली यादी!

मंगळवार, ता. ७

काल एक गोष्ट लिहायची राहिली. चांगली गोष्ट.

फॉर्म दिल्यावर जिन्यापाशी नियमांचा फळा वाचत उभा होतो. आमच्या पुढची सोळाव्या नंबरची बाई, कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करते ती, मुलीचा हात धरून मागे आली. "काका, जरा वाचून दाखवता का? माझा चष्मा दुकानात राहिला."

मला! चौथीनंतर हातात घरं रंगवायचा ब्रश आला तो चाळीस वर्षं सुटला नाही. पत्र आलं तर दुसऱ्यांनी वाचून दाखवायचं, मी मान हलवायची. आणि काल कुणी मला म्हणालं, वाचा. मी घसा साफ केला. मोठ्याने, बोट ठेवून वाचलं — मुलासोबत मोठ्या माणसाने पूर्ण वेळ बसावे, जुने कपडे घालून यावे. मधेच भुंगीने माझा सदरा ओढला. (नातीला आम्ही भुंगी म्हणतो, सारखी गुणगुणते म्हणून.) मी म्हटलं, थांब गं, वाचतोय ना! मग तिने सोडला.

बाई म्हणाली, "रोज दोन तास? बसायचं?" मी म्हटलं, फळ्यावर तसं आहे. ती मुलीकडे बघत म्हणाली, "बघू." आणि गेली.

मला दिवसभर छान वाटत होतं.

बुधवार, ता. ८

फॉर्मवरचा एक प्रश्न डोक्यातून जात नाही. 'मूल कोणत्या हाताने लिहिते?' त्यांना काय करायचंय? डावखुऱ्याला घेत नाहीत की काय? भुंगी उजवीच आहे, तरी तिला दोनदा लिहायला लावून बघितलं. आणि सात पूर्ण ते अकराच का? बाराव्या वर्षी मुलाला काय होतं? सोळाच का, वीस का नाहीत? कुणाला तरी विचारलं पाहिजे.

सूनबाईला विचारलं. "बाबा, प्रवेश घ्यायचाय की परीक्षा घ्यायचीय त्यांची?"

शनिवार, ता. ११

भुंगी कपाटामागच्या भिंतीवर चित्रं काढते. कपाट सरकवून बघितलं. एक म्हातारा शिडीवर आहे, शिडी ढगात गेलीय. म्हाताऱ्याचं नाक माझं. त्या भिंतीला मी गेल्याच वर्षी रंगाचा हात मारला होता, पण पुसायचं मन झालं नाही. हिला जागा मिळायला हवी होती. नळ, नळ, नळ!

सोमवार, ता. १३

वर्गाचा पहिला दिवस. दुपारी बाईंचा फोन. सोळाव्या नंबरची मुलगी आली नाही, काही कळवलंही नाही. उद्यापासून भुंगीने यावं.

मी टाळ्या वाजवल्या. सूनबाईने तिला उचलून गरगर फिरवलं. भुंगी मात्र खाली उतरून कोपऱ्यात बसली. म्हणाली, पोट दुखतंय. ताप नाही, मी तीनदा हात लावून बघितला. गेल्या वर्षीही रडून रडून तिचं पोट दुखलं होतं, पण आता तर आनंद आहे! आनंदाने दुखतं का पोट? विचारलं पाहिजे कुणाला तरी.

मंगळवार, ता. १४

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी मी माझी जुनी रंगाची पँट काढली. नियम तो नियम — मोठ्या माणसाने बसावे, जुने कपडे घालून यावे. सूनबाई दारात अडवून म्हणाली, "बाबा, कामावर निघालात?" म्हटलं, वर्गाला. ती हसत सुटली. मला तर बरंच वाटत होतं. त्या पँटच्या मांडीवर इस्पितळाच्या दारांचा निळा अजून आहे.

हॉलमध्ये मागच्या स्टुलावर जाऊन बसलो. किती बघण्यासारखं आहे तिथे! डाव्या हाताची दोन मुलं टेबलाच्या डाव्या टोकाला — म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. त्यासाठी होता तो प्रश्न! टेबलं चार, एकेकाला चार मुलं, मधे पाण्याचा एकच डबा. पाचवं मूल बसवलं तर त्याचा हात पाण्यापर्यंत पोचत नाही. म्हणून सोळा. कसं अगदी मोजून केलंय. आम्ही भिंतीचा अंदाज घ्यायचो तसं.

चित्रांच्या बाई जवळ आल्या. "काका, भिंतींचं काम पुढच्या महिन्यात ठरलंय ना?" मला रंगारी समजल्या. म्हणजे आहेच मी! म्हटलं, मी भुंगीचा आजोबा, नियमाप्रमाणे बसलोय. "कुठला नियम?" मी पाठ म्हणून दाखवला. त्या हसल्या, मला हाताला धरून जिन्यापाशी फळ्याजवळ घेऊन गेल्या.

फळ्याच्या मधून उभी रेघ आहे. बारीक, खडूची. डावीकडे लहान गट, चार ते सहा वर्षं. मोठ्या माणसाने बसायचं ते त्यांच्याजवळ. उजवीकडे मोठा गट. त्यांनी फक्त जुने कपडे घालायचे. मी रेघ ओलांडून सरळ वाचत गेलो होतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रंगाचा पट्टा मारावा तसा.

बाई हसत होत्या. मीही हसलो. अर्ध्या जिन्यात आल्यावर लाँड्रीवाली आठवली. तिथेच बसलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

भुंगी घरी आली. मी विचारलं, काय काय काढलं? "काही नाही." कागद कोरा आणलाय.

बुधवार, ता. १५

लाँड्रीवरून तीनदा गेलो. तिची मुलगी काउंटरखाली बसून कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर नंबर घालते. प्रत्येक नंबराला डोळे काढते, पाय काढते. सातला तर टोपी! गिऱ्हाइकांना पँटबरोबर टोपी घातलेला सात घरी मिळतो.

आत गेलो नाही.

सांगावं की नको? सांगितलं तर भुंगीची जागा जाईल. नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे? कुणालाच नाही. हेच तर वाईट आहे. सूनबाईला सांगितलं. ती भडकली. "बाबा, एक फोन करून विचारता आलं नसतं तिला? तुमचं वाचन म्हणजे काय सरकारी हुकूम आहे? एक वर्ष पोर वाट बघतेय. आता तुम्ही उगाच पाप-पुण्य उकरू नका."

खरं आहे तिचं. पण जेवण गेलं नाही.

गुरुवार, ता. १६

गेलो. लाँड्रीत वाफ इतकी की माझा चष्माच आंधळा झाला. बरं झालं. तिचं तोंड न बघता बोललो. चूक माझी, फळ्याला रेघ आहे, तुम्हाला बसायची गरज नव्हती.

तिने इस्त्री उभी केली. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "काका, तुम्ही इतकं ठाम वाचलंत हो." एवढंच. मग म्हणाली, "मालकांना मी विचारलं होतं, दोन तास सोडाल का. ते म्हणाले, सोडतो की, कायमची सोडतो." आणि हसली. मला हसता आलं नाही.

मी म्हटलं, बाईंना विचारायचं तरी! "काय विचारायचं? नियम आपल्यासाठी बदला म्हणून? लाज वाटते हो. रोज दुसऱ्यांच्या वाटेतच असतो आपण."

काउंटरखालून आवाज आला, "आई, जुने कपडे तर आहेत ना माझ्याकडे?" पोर म्हणे आठवडाभर तेवढंच धरून बसली होती.

तिथून तडक हॉलवर. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "फळा मी लिहिला, काका. रेघ जाड काढायला हवी होती. पण टेबलं चार, डबे चार. सतरावं मूल मी नाही घेणार. घेतलं तर ते पाण्यावाचून बसेल. तुमच्या नातीने जागा सोडली तर त्या मुलीला देईन, यादीतल्या इतरांना मी समजावते. नाही सोडली तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही. चार दिवस विचार करा."

चार दिवस! मला चार मिनिटंही जड जातात.

शुक्रवार, ता. १७

भुंगीला सांगितलं. अंगणाच्या पायरीवर बसवून. आधी घटाघटा पाणी प्यायलो. वाटलं, रडेल, पाय आपटेल, सूनबाई धावत येईल.

माझं पुरतं बोलून व्हायच्या आत म्हणाली, "देऊन टाका."

इतक्या पटकन? नीट कळलं का तुला? परत जागा मिळणार नाही, पुढच्या वर्षीपर्यंत. "कळलं. देऊन टाका, आजोबा. आजच द्या." आणि गुडघ्यात डोकं घातलं. तिला रडू आलं होतं, पण सुटल्यासारखं रडू. काटा निघाल्यावर येतं तसं.

कुठून आलं हे पोरीत? मी नऊ वर्षांचा असताना हातातली गोटी दिली नसती कुणाला. सूनबाई येऊन शेजारी बसली. तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

पोटात दुखायचं थांबलंय म्हणते. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवार, ता. २०

लाँड्रीवाल्या बाईंची मुलगी वर्गात बसली. मी जिन्यापाशी उभा राहून बघितलं. डावखुरी आहे! डाव्या टोकाला बसवलंय.

चित्रांच्या बाईंनी मला जाड ब्रश दिला. फळ्याच्या मधली रेघ मी ओढली, पांढऱ्या ऑइलपेंटने, एका दमात, कुठे थांबलो नाही. हात अजून आहे.

आज भेटेल त्याला भुंगीचं कौतुक सांगत सुटलो. वाचनालयाचा शिपाई, दूधवाला, समोरच्या आजी. अशी शहाणी पोर शोधून सापडायची नाही! ती माझा हात ओढत होती — "चला ना आजोबा, पुरे ना." लाजते.

मंगळवार, ता. २१

सकाळी दाढी करत होतो. आरशात मागे भुंगी उभी दिसली.

म्हणाली, "मला शहाणी म्हणू नका. ती रेघ मला तेव्हाच दिसली होती. म्हणून सदरा ओढला. मग आठवलं, आपण सतरावे आहोत. म्हणून सोडला."

अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला.